पहिल्या खिळ्यावरची पट्टी

काकांना बोलावलं ते मी, तेही कोणाला न विचारता. शनिवारी सकाळी साडेआठला बाबांच्या वर्कशॉपच्या दारात त्यांची स्कूटर थांबली तेव्हा आई, दादा आणि त्याची बायको आत खोकी भरत होते, आणि त्यांना काय सांगायचं हे मी अजून ठरवलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जागेची किल्ली मालकाला परत द्यायची होती. हा दिवस मी आठ महिने पुढे ढकलत आणला होता. बाबा गेल्यावर किल्ली माझ्याकडे राहिली. दर शुक्रवारी लायब्ररीतून सुटले की मी इथे यायचे, झाडायचे, पुसायचे, आणि उचललेली प्रत्येक वस्तू होती तिथेच परत ठेवायचे. दादा याला संग्रहालय म्हणायचा. एकदा म्हणाला, बाहेर तिकीट खिडकी तेवढी काढ. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. वाटेत उगाच थांबलेलं काहीही त्याला बघवत नाही. शेवटी त्यानेच सगळं ठरवलं. बाबांचं मोठं टेबल, रंधे, पटाश्या आणि अकरा क्लॅम्प सोमवारी टेम्पोने एका ट्रेनिंग स्कूलला जाणार. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला माझ्याकडे शुक्रवारशिवाय काही नव्हतं.

पण त्याआधी एक काम व्हायला हवं होतं, आणि ते माझ्या मुलीचं होतं.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. वय बारा. गेल्या वर्षी तिने आजोबांकडे स्केटबोर्ड मागितला. बाबा जन्मभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करत आले. पंपाचं किंवा व्हॉल्व्हचं जे अंग धातूत ओतायचं, ते आधी लाकडात घडवायचं, हा त्यांचा धंदा. अशा माणसाला वस्तू दुकानातून आणता येते हे सुचणं कठीणच. त्यांनी नातीला शेजारी बसवून आधी साचा केला. दोन जाड ठोकळे, एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगटात चपखल बसणारा. मध्ये लाकडाचे सात पातळ पापुद्रे गोंद लावून दाबून ठेवायचे, म्हणजे ते वाकलेल्या आकारातच एकजीव होतात. साचा पुरा झाला त्याच आठवड्यात बाबा आजारी पडले. पापुद्रे, चाकं, चाकांचे दांडे, सगळं कपाटात तसंच राहिलं.

बाबा गेल्यापासून भिंगरीने आजोबांचा विषय काढला नव्हता. फोटोसमोरूनही ती घाईने जायची. सामान जाणार हे कळलं त्या संध्याकाळी तिने वहीतून मान वर न करता एवढंच विचारलं, "टेबल गेल्यावर साचा दाबणार कशावर?"

मी दुसऱ्या खोलीत जाऊन काकांना फोन केला. गोंद लावून असा आकार दाबणं बाबांखेरीज या घरात एकाच माणसाला येत होतं, आणि तो माणूस चौदा वर्षं या दारातून आत आला नव्हता.

*

काका लगेच उतरले नाहीत. इंजिन बंद करावं की नाही हे ठरत नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. येताना त्यांनी तीन वाक्यं तयार केली होती: एक आईसाठी, एक दादासाठी, आणि एक, कोणी दारातूनच परत पाठवलं तर त्यासाठी.

चौदा वर्षांपूर्वी काय झालं ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्ट्याच मुळात किंचित लांब केलेल्या असतात. बाबांच्या भिंतीवर चार खिळ्यांना चार पट्ट्या टांगलेल्या असायच्या. पहिल्या खिळ्यावर साधी, मग बिडाची, मग पितळेची, आणि चौथ्यावर पोलादाची. पोलाद सगळ्यांत जास्त आकसतं, म्हणून ती पट्टी सगळ्यांत लांब, शंभराला दोन इतकी. बाकी दिसायला चौघी सख्ख्या बहिणी. काका तेव्हा बाबांच्या हाताखाली काम करायचे. एका मोठ्या पंपाचं अंग त्यांनी पोलादाच्या पट्टीऐवजी बिडाच्या पट्टीने मापलं. ओतकाम लहान आलं, सगळंच्या सगळं परत भट्टीत गेलं. बाबा चार कामगारांसमोर म्हणाले, "तुला पट्टी वाचता येत नाही."

काकांनी एप्रन काढला, त्याची घडी केली, टेबलावर ठेवली आणि निघून गेले. पुढे त्यांनी स्वयंपाकघरातली कपाटं करायचं दुकान काढलं. तिथे काहीही आकसत नाही, असं ते म्हणत. बाबा आजारी असताना ते आले नाहीत. गेले त्या दिवशी आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कोणाशी न बोलता गेले. दादाने ते मनात ठेवलं होतं.

आई हातात फडकं घेऊन दारात आली. तिने काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे.

"चपला आत काढा, भाऊजी," ती म्हणाली. "इथलं कुत्रं पळवतं."

काकांच्या तिन्ही वाक्यांपैकी एकही कामाला येईना. त्यांनी चपला काढून आत, पूर्वी ठेवायचे त्याच कोपऱ्यात ठेवल्या.

दादाने मला कपाटांच्या मागे ओढलं. तिथे जुन्या पॅटर्नच्या ढिगाशेजारी आम्ही लहानपणापासून भांडत आलो आहोत.

"निदान विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणूनच तर विचारतात." त्याने आवाज खाली घेतला. "हा माणूस बाबांना बघायलाही आला नाही. आणि आता बाबांच्या टेबलाशी उभा राहणार?"

मी म्हटलं, उभं राहायला दुसरं कोणी असेल तर सांग. त्याने ढिगातली एक पुली उचलली, पाहिली आणि चुकीच्या जागी ठेवली. मी ती उचलून परत तिच्या जागी ठेवली. दादा माझ्याकडे बघत राहिला. "हेच," तो म्हणाला. "हेच म्हणतो मी."

आम्ही बाहेर आलो तोवर डाव उलटला होता. सिस्टर, म्हणजे दादाची बायको, काकांच्या बाजूला जाऊन बसली होती. ती नर्स आहे, आणि सासूसकट सगळं घर तिला सिस्टरच म्हणतं. काकांनी साच्यावरून हात फिरवला आणि नुसतं विचारलं की हातमोजे कोणाकडे आहेत का, एकदा गोंद लागला की कोणाला काही शोधत बसायला वेळ नसेल. सिस्टरने पर्समधून हातमोज्यांची आख्खी जुडी काढली. गोंदाचा डबा, रोलर, ओली फडकी, प्लास्टिकचा कागद, सगळं तिने टेबलावर ओळीने मांडलं. चार वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला हा माणूस पहिल्या वाक्यातच पटला होता.

भिंगरी टेबलाच्या पलीकडे उभी होती. काकांना तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही आजोबांचे भाऊ?"

"धाकटा."

"त्यांच्याएवढं येतं तुम्हाला?"

काकांनी थोडा विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पण आज तेवढं लागणार नाही. अवघड काम अण्णाने करून ठेवलंय."

भिंगरीने बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

*

पुढची पंधरा मिनिटं मला जशी आठवतात तशी दादाला आठवत नाहीत. त्याला आकडे आठवतात. सात पापुद्रे, अकरा क्लॅम्प, सहा माणसं. गोंद पहिल्या पापुद्र्याला लागला की पंधरा मिनिटांत शेवटचा क्लॅम्प आवळलेला हवा. मग गोंद धरायला लागतो आणि काही सरकवता येत नाही. पापुद्रे एवढेच होते. बिघडलं तर पुन्हा करायला ना लाकूड होतं, ना सोमवारनंतर टेबल.

काकांनी प्रत्येकाला जागा दिली. आईला भिंतीवरच्या घड्याळाखाली बसवलं आणि मिनिटं सांगायचं काम दिलं. "नुसतं एवढंच?" आई म्हणाली. काका म्हणाले, "वहिनी, घड्याळ चुकलं तर सगळं चुकलं." त्यावर आई पदर खोचून बसली.

भिंगरी रोलर फिरवत होती, सिस्टर एकेक पापुद्रा उचलून देत होती, मी रचत होते. सातवा रचून वरचा ठोकळा ठेवला तेव्हा आईने सहा मिनिटं झाल्याचं सांगितलं. मधला क्लॅम्प आधी, मग दोन्ही बाजूंनी बाहेर बाहेर, असा क्रम होता. डाव्या बाजूला काका, उजव्या बाजूला दादा, आणि दोघांनी एकाच वेळी सारखंच आवळायचं. काकांनी हे मला सांगितलं. दादा हातभर अंतरावर उभा होता, तरी मी ते त्याला सांगितलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. मला दुभाषी म्हणून पगार मिळायला हरकत नव्हती.

"अर्धा फेरा," काका म्हणाले.

"अर्धा फेरा," मी म्हणाले.

दादाने अर्धा फेरा दिला.

"नऊ मिनिटं," आई म्हणाली.

गोंद ओला असताना पापुद्रे साबणासारखे घसरतात हे काकांखेरीज आम्हा कोणाला माहीत नव्हतं. तिसरी जोडी आवळताना मधले दोन पापुद्रे हळूच एका अंगाला निघाले. काकांच्या बाजूने ते दिसत नव्हतं. भिंगरीला दिसलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने दादाच्या शर्टाला घट्ट धरलं, आणि दादाने खाली वाकून पाहिलं.

"काका, माझ्याकडे सरकतंय."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"किती?"

"करंगळीएवढं. वाढतंय."

"गुडघा लाव. मी सैल करतो. मी म्हणेन तेव्हा रेट. आत्ता."

दादाने गुडघा लावला आणि रेटलं. त्याची नवीकोरी पँट होती. सिस्टरने ती तिथून पाहिली आणि डोळे मिटून घेतले. पापुद्रे आत गेले, काकांनी क्लॅम्प आवळला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आता दोघं एकमेकांशी थेट बोलत होते, एकेका शब्दात: अजून, बस, तुझा, माझा. आईने चौदा म्हटलं तेव्हा अकरावा क्लॅम्प बसला.

साच्याच्या दोन्ही कडांनी गोंदाचे बारीक पांढरे मणी बाहेर आले. सगळीकडे सारखे. काका कडेने बोट फिरवत पूर्ण चक्कर मारून आले.

"अण्णाचा साचा," ते म्हणाले, आणि हातमोजे काढून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

*

रविवारी दुपारी आम्ही क्लॅम्प सोडले. भिंगरी सकाळी सातपासून कपडे करून तयार बसली होती, पण काका म्हणाले होते दुपारी, म्हणजे दुपारी. साचा उघडल्यावर आतून बोर्ड निघाला तो दोन्ही टोकांना मान उचललेला, ठोकला की टणटण वाजणारा. बाबांनी कापून ठेवलेला कागदाचा नमुना त्यावर ठेवून काकांनी कड कापली. मग पॉलिशपेपरचे तुकडे वाटले गेले आणि दोन तास सगळ्यांनी घासलं. आई घासता घासता सिस्टरला सांगत होती की गादी भरणारे लोक कापूस कसा चोरतात. हा तिचा जुना विषय आहे. सिस्टर हं हं करत होती.

राहिली होती फक्त भोकं. चाकांच्या प्रत्येक दांड्याला चार बोल्ट, म्हणजे एकूण आठ भोकं. मापं खोक्यातल्या कागदावर छापलेली होती.

सिस्टरने सुचवलं की दांडा बोर्डावर ठेवावा आणि त्याच्याच भोकांतून पेन्सिलने खुणा कराव्यात. साधी, शहाणी सूचना होती.

"ठेवून खूण करायची नाही," भिंगरी म्हणाली.

"मापायचं," काका म्हणाले.

दोघांचं एकदमच झालं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच मास्तरांकडे, बऱ्याच वर्षांच्या अंतराने, दोघंही तेच वाक्य ऐकत शिकले होते. काका भिंतीपाशीच उभे होते. त्यांनी मागे न बघता हात नेला, पहिल्या खिळ्यावरची पट्टी काढली आणि भिंगरीला दिली. चौदा वर्षांनी हात बरोबर त्याच जागी गेला याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं होतं, असं ते पुढे म्हणाले.

भिंगरीने जिभेचं टोक बाहेर काढून आठ खुणा केल्या. काकांनी ड्रिल सरळ धरून आठ भोकं पाडली. दादाने पहिला बोल्ट घातला. तो गेला. दुसरा जाईना.

त्याने दांडा फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, दुसरा दांडा लावून पाहिला. प्रत्येक वेळी एक बोल्ट जायचा आणि उरलेल्यांची तोंडं लाकडावर आपटायची. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा होता. भिंगरीच्या हातात मूठभर बोल्ट होते. ती ते नुसती चाळवत होती. ती म्हणाली, "माझं माप चुकलं." तिचा आवाज अगदी सपाट होता, बाबा गेल्यानंतर असायचा तसा.

"तुझं नाही चुकलं," दादा म्हणाला.

त्याने टेबलावरची पट्टी उचलली होती. टोकाशी, जिथे बोटांनी अक्षरं झिजली होती, तिथे तिरपी धरली की अजून दिसायचं. बाबांनी दाभणाने कोरलेलं 'पो'. पोलाद.

दादाच्या मनात तेव्हा काय आलं ते त्याने मला कधी सांगितलं नाही, पण मी त्याची बहीण आहे. शनिवारच्या पंधरा मिनिटांत त्याला काका आवडायला लागले होते, आणि त्याचाच त्याला राग आला होता. बाबांचं त्या माणसाबद्दलचं मत चुकलेलं नव्हतं, याचा पुरावा आता त्याच्या हातात होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांनाही अक्षर दिसलं. त्यांची नजर टेबलाच्या कडेला गेली, जिथे त्यांनी एकदा एप्रन ठेवला होता.

"काका," दादा म्हणाला, "तुम्हाला अजूनही—"

मी भिंतीकडे बघत होते.

त्या भिंतीचा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धुळीने विटला आहे. फक्त पट्ट्यांच्या मागे मूळचा पोपटी रंग लांबट पट्ट्यांच्या आकारात शिल्लक आहे, कारण त्या चाळीस वर्षं दर वेळी आपापल्या खिळ्यावरच परत गेल्या होत्या. चौथ्या खिळ्यावर आत्ता एक पट्टी टांगलेली होती, आणि तिच्या खालच्या टोकाशी बोटाच्या रुंदीएवढा पोपटी रंग उघडा पडला होता. तिथे पूर्वी थोडी अधिक लांब पट्टी असायची. तो पोपटी तुकडा मी आठ महिने दर शुक्रवारी पाहिला होता. पोपडा निघाला असेल असं वाटून एकदा ओल्या फडक्याने पुसलाही होता.

"ती मी लावली," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्यांदा एकटी इथे आले तेव्हा, मी चारही पट्ट्या काढल्या, तेलाच्या फडक्याने पुसल्या आणि परत लावल्या. होत्या तशाच लावल्या असं मला वाटत होतं. साधी आणि पोलादाची अदलाबदल झाली. "काकांनी पहिल्या खिळ्यावरचीच काढली," मी म्हणाले. "बरोबर केलं त्यांनी. खिळा मी चुकवला."

मी ज्याला बाबांचं वर्कशॉप म्हणून राखत होते, ते पहिल्या आठवड्यापासूनच बाबांचं राहिलं नव्हतं, हे मी मोठ्याने म्हणाले नाही. दादाला ते कळलं असावं. त्याने पट्टी खाली ठेवली.

"मग तुझ्या संग्रहालयाचं माझं तिकीट परत घे," तो म्हणाला.

हसली ती आई. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग स्टुलावर बसून. आम्हाला वाटलं तिला त्रास होतोय. सिस्टर तर नाडी बघायला पुढे गेली. आईने तिचा हात बाजूला केला.

"या घरात ही चूक पहिल्यांदा कोणी केली, माहितीये?" ती म्हणाली. "आमचा पलंग."

बाबांनी तो पलंग लग्नाच्या वर्षी स्वतः केला होता. त्यावर गादी कधीच पुरी बसली नाही. पायाशी दोन बोटांची फट राहायची, आणि आई तिथे जुनी चादर गुंडाळून खोचायची. आईने गादीवाले बदलले. तिघांशी भांडली. एकाच्या दुकानात जाऊन त्याच्यासमोर माप घ्यायला लावलं. बाबा म्हणायचे, कापूस चोरतात, दुसरं काय. ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो.

"गाद्या सगळ्या बरोबर होत्या," आई म्हणाली. "पलंग मोठा होता. यांनी पोलादाच्या पट्टीने मापला होता."

"तुम्हाला कसं कळलं, वहिनी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गेलात ना, त्याच दुपारी. माझं मन लागेना. म्हटलं एवढं पट्टीचं काय मोठं असतं, म्हणून शिवणाच्या टेपने घरातलं सगळं मापत सुटले. टेबल बरोबर, कपाट बरोबर. पलंग दोन बोटं जास्त."

"दोन बोटं," काका म्हणाले. ते बोटं हवेत धरून हिशेब करत होते. "म्हणजे पोलादाचीच. बरोबर." धंद्यातलं कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "अण्णाला सांगितलं नाहीत?"

आईने पदराने डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं, बहुतेक.

"तुम्ही परत याल तेव्हा तुमच्या समोर सांगायचं, म्हणून ठेवलं होतं, आणि तोवर गादीवाल्यांनाच नावं ठेवत राहिले," ती म्हणाली. "तुम्ही आलाच नाहीत. मग राहूनच गेलं."

काका काही वेळ बोर्डावरचा भुसा हाताने सारखा करत राहिले. "यायला हवं होतं," ते म्हणाले. ते आईकडे बघून म्हणाले नाहीत, दादाकडे बघून म्हणाले. दादाने मान हलवली. माफ केलं असं ते नव्हतं, ऐकलं एवढंच होतं. आमच्या घरात तेवढं पुष्कळ असतं.

"आता याचं काय करायचं?" भिंगरीने विचारलं. तिने बोल्ट मुठीत घट्ट धरले होते.

"गोल कानस," काका म्हणाले. "भोकं आतल्या बाजूने जराशी खायची."

कानस दादाने घेतली. पहिल्या भोकापाशी तो अडला. "किती खाऊ, काका?"

"थोडं. मी बस म्हणेन तेव्हा थांब."

आठ भोकांना आठ वेळा काका बस म्हणाले. आठही बोल्ट गेले.

*

ऊन उतरलं तेव्हा आम्ही सगळे बाहेर आवारात होतो. काँक्रीटचं सपाट आवार, पलीकडे फाटकाकडे जाणारा थोडा उतार. भिंगरीने एक पाय बोर्डावर ठेवला. दादाने तिची चौकशी, तिला सूचना, ताकीद असं सगळं करून घेतलं, आणि ती निघाली तेव्हा उभ्या जागी त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. सोळा वर्षं तो शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जास्तीचा ब्रेक दाबत आला आहे. ती वळली की दाबायचा, ती डगमगली की दाबायचा. सिस्टर म्हणाली, असंच चाललं तर इथे खड्डा पडेल.

तिसऱ्या फेरीत उतारावर भिंगरी पडली. गुडघा आणि कोपर, दोन्ही. दादा धावला, सिस्टर पर्स उघडत धावली. मी जागची हलले नाही. मला का कोण जाणे, हलावंसं वाटलं नाही. भिंगरी उठून बसली, कोपर वळवून रक्त पाहिलं आणि बोर्ड ओढून जवळ घेतला.

"आजोबा म्हणाले होते," ती म्हणाली, "एकदा पडल्याशिवाय बोर्ड आपला होत नाही." तिने नाक पुसलं. "झाला."

मग तिला थांबवेना. आजोबा अजून काय काय म्हणाले होते हे ती सिस्टर औषध लावत असताना सांगत राहिली. पापुद्र्यांबद्दल, गोंदाबद्दल, आणि त्यांना स्वतःला त्यावर एकदा उभं राहायचं होतं त्याबद्दल. हे शेवटचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "मग मी उभी राहते." तिने चपला काढल्या. एका हाताला दादा, एका हाताला काका, अशी ती बोर्डावर चढली आणि फाटकाच्या दिशेने चार हात गेली. दोघांनाही ओरडत होती, सोडू नका आणि धरू नका, दोन्ही एकदम.

मी आत गेले. खोकी बांधून झाली होती. दादाने मागून येऊन विचारलं की पट्ट्यांचं काय करायचं, ट्रेनिंग स्कूलला द्यायच्या का. आई दारात उभी होती, धापा टाकत, एका हातात चपला घेऊन.

"तीन द्या," ती म्हणाली. "पोलादाची भाऊजींना. वाचता येते त्यांना."

मी टेबलावरची पट्टी काकांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, खिशात जाईना म्हणून शर्टाच्या आत सरकवली, आणि लहान मुलासारखे ताठ चालत स्कूटरकडे गेले.

उरलेल्या तीन मी खिळ्यांवरून काढल्या. भिंतीवर पोपटी रंगाच्या चार खुणा राहिल्या, ज्या त्या खिळ्याखाली, ज्या त्या लांबीच्या. बाहेरून चाकांचा आवाज येत होता, फाटकापर्यंत जाऊन परत. जमिनीवर सगळीकडे भुसा पडला होता, बोर्डाचा, भोकांचा. झाडू दाराशीच होता. मी तो भुसा तसाच राहू दिला आणि बाहेर गेले.